आठवीसाठी अनुदानित हायस्कूल निवडताना संगीत आणि संस्कृत यांची खात्री कशी करावी?

पारोळा तालुक्यातील पालक

नमस्कार. माझी मुलगी गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकते. ही शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे जूनमध्ये तिला बाहेरगावच्या हायस्कुलात घालावे लागणार आहे. तिचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्याजवळ बसून तिला सुरांची गोडी लागली आणि श्रावणात खानदेशातील कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री ती बायकांच्या बरोबरीने अहिराणी गाणी म्हणते. भाषेचीही तिला ओढ आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, तेथे मी तिला घेऊन गेलो होतो. तेव्हापासून अमुक शब्द कोठून आला, हे विचारून ती आम्हाला भंडावून सोडते आणि आता संस्कृत शिकण्याचा हट्ट धरून बसली आहे.

आमचे घर कापसावर चालते, त्यामुळे भरमसाट शुल्काच्या शाळा विचारातच नाहीत. तालुक्याच्या गावचे हायस्कूल, एसटीने पाऊण तासावर असलेले अमळनेर, किंवा आत्याकडे राहून जळगाव, असे तीन मार्ग समोर आहेत. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाचा प्रयत्न करा, असेही काहींनी सुचवले. प्रत्येक शाळा आपल्याकडे सर्व काही असल्याचे सांगते. संगीत आणि भाषा तेथे खरोखर शिकवल्या जातात की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

निवृत्त संस्कृत शिक्षक, अमळनेर

दादा, सर्वप्रथम शाळेच्या माहितीपत्रकाऐवजी आठवी ते दहावीचे चालू वर्षाचे वेळापत्रक पाहायला मागावे. त्यात ‘कला’ असा तास दिसेल, परंतु आपल्याकडील बहुतेक अनुदानित शाळांमध्ये कलाशिक्षक म्हणजे चित्रकलेचा शिक्षक असतो आणि संगीतासाठी मंजूर पद क्वचितच आढळते. पदे संचमान्यतेत, म्हणजे शासनाच्या शिक्षकपदांच्या मंजुरीत, विद्यार्थिसंख्येवर ठरतात, त्यामुळे मुख्याध्यापकांची कितीही इच्छा असली तरी ते आपल्या अधिकारात संगीत शिक्षक नेमू शकत नाहीत. म्हणून ‘संगीत आहे का?’ असे न विचारता ‘संगीत कोण शिकवतात, त्यांचे मानधन कोण देते आणि आठवड्यात किती तास होतात?’ असे विचारावे. एखादी संस्था स्वतःच्या पैशाने मानधनावर शिक्षक ठेवते, हे चांगलेच आहे, मात्र ती व्यवस्था पुढील वर्षीही टिकणार आहे का, तेही विचारून घ्यावे.

संस्कृतच्या बाबतीत अधिक सावध राहावे. राज्य मंडळाच्या शाळांमध्ये आठवीपासून संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी किंवा संयुक्त अभ्यासक्रम असे पर्याय असतात. संयुक्तमध्ये हिंदी आणि संस्कृत प्रत्येकी 50 गुणांचे असते, तर संपूर्ण संस्कृत 100 गुणांचे. ज्या शाळेत केवळ संयुक्तच चालते, तेथे मुलीला संपूर्ण संस्कृत हवे असले तरी एकटीसाठी वेगळी तुकडी कोणी काढणार नाही, आणि आठवीत घेतलेला पर्याय नववी-दहावीत बदलणे फार जड जाते. तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिले की पालक संस्कृतकडे ‘गुण देणारा विषय’ म्हणूनच पाहतात आणि मग शिक्षकही सुभाषिते पाठ करून घेण्यापलीकडे जात नाहीत. त्यामुळे शक्य असेल तर एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मागावी. शिक्षक शब्दांचे संधी सोडवून दाखवतात की फळ्यावरून उतरवून घ्यायला लावतात, एवढ्यावरून बरेच कळते.

मुलीची अहिराणी शाळेत कोणी ‘सुधारायला’ निघाले, तर मात्र ती शाळा सोडून द्यावी. माझ्या वर्गात अहिराणी आणि लेवा गणबोली बोलणारी मुले असत. घरात एक आणि पुस्तकात दुसरी भाषा वापरण्याची सवय असल्यामुळे रूपांतील फरक त्यांच्या कानाला लवकर जाणवत असे.

जळगावची एक आई

सरांचे म्हणणे अगदी खरे आहे, कारण आम्ही नेमके याच बाबतीत फसलो. शहरातील एका शाळेचे स्नेहसंमेलन पाहून आम्ही मुलाला तेथे घातले. मंचावर तबला, पेटी, समूहगान असे सर्व काही होते. प्रवेशानंतर समजले की स्नेहसंमेलनापूर्वीचे तीन आठवडे बाहेरून शिक्षक बोलावतात आणि उरलेले वर्ष वाद्यांची खोली कुलूपबंद असते.

त्यानंतर आम्ही विचार बदलला. भाषा चांगली शिकवणारी शाळा निवडायची आणि संगीत घराजवळच्या वर्गात शिकायचे, असे ठरवले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. वर्षाला एक म्हटले तरी आठवीत सुरुवात केलेले मूल दहावीपर्यंत तीन परीक्षा देऊ शकते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळाच्या दहावीत वाढीव गुण मिळतात, आणि हा प्रस्ताव शाळेमार्फतच जावा लागतो. मागील दोन वर्षांत शाळेने असे किती प्रस्ताव पाठवले, हे कार्यालयात अवश्य विचारा. ज्या शाळेच्या लिपिकाला हा अर्जच माहीत नसतो, तेथे संगीताला किती किंमत आहे ते लगेच समजते. अर्थात केवळ गुणांसाठी गाणे शिकवू नये, हे आपल्याला सांगायला नको.

जळगावचा एक लाभ मात्र निश्चित आहे, तो म्हणजे येथे ऐकायला मिळते. बालगंधर्व संगीत महोत्सवासारखे कार्यक्रम येथे होतात, आणि शिकणाऱ्या मुलाने मोठे गायक समोर बसून ऐकणे ही वर्गात न मिळणारी गोष्ट आहे.

शहाद्याचा पालक

नवोदयविषयी थोडे लिहितो, कारण माझा पुतण्या तेथे आहे. मुख्य प्रवेश सहावीला असतो. नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते, म्हणजे आठवी आपल्याला अन्यत्र करावीच लागेल. तेथे संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असते आणि निवासी शाळा असल्यामुळे सायंकाळी सरावाला वेळही मिळतो, ही मोठी जमेची बाजू. परंतु नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून असतात, तसेच नववीतील काही मुलांना एक वर्ष हिंदी भाषिक राज्यातील नवोदयमध्ये पाठवतात. भाषांची आवड असलेल्या मुलीला हे वर्ष मोलाचे वाटू शकेल. मात्र संस्कृतचाच हट्ट असेल, तर नवोदय तिच्यासाठी नाही.

पारोळा तालुक्यातील पालक

सर, ताई आणि भाऊ, तिघांचेही आभार. काल अमळनेरच्या एका हायस्कुलात जाऊन आलो. संगीताचे पद नाही, हे मुख्याध्यापकांनी प्रामाणिकपणे सांगितले. संपूर्ण संस्कृतची स्वतंत्र तुकडी आहे. बाईंनी मुलीला फळ्याजवळ बोलावून ‘देवालय’ हा शब्द फोडायला सांगितला. तिने ‘देव’ आणि ‘आलय’ असे केले आणि लगेच ‘मग हिमालयपण तसाच का?’ असे विचारले. घरी येईपर्यंत तिचा निर्णय झालेला होता.

अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असल्यामुळे प्रवासखर्चाचा प्रश्न नाही. अडचण वेळेची आहे. शाळेजवळ शास्त्रीय गायनाचा एक वर्ग आहे, पण तो सहाला सुटतो आणि आमच्या गावाकडची शेवटची गाडी पावणेसहाची. तूर्त शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी दुपारी शिकवाल का, असे त्या शिक्षकांना विचारले आहे. त्यांनी सोमवारपर्यंत कळवतो म्हटले आहे. तोपर्यंत आजोबांनी पेटीचा भाता दुरुस्त करायला दिला आहे.