घाटच बघायचा असेल तर...

घाटातली रेल्वे बघायची तर माथेरानच्या छोट्या गाडीचं तिकीट मिळत नाही म्हणून थेट उटीची डोंगरी गाडी गाठा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय; तो आम्हा सोलापूरकरांच्या खिशाला झेपणारा नाही. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते हे खरं, पण माथेरानच्या अलीकडचं स्टेशन अमन लॉज ते माथेरान अशी छोटी फेरी, म्हणजे शटल, चालू असते. आठवड्याच्या मधल्या वारी जा, शनिवार-रविवार विसरा.

आणि बोरघाटाचं, म्हणजे मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरच्या कर्जत-लोणावळ्यामधल्या घाटाचं, नाव कुणीच कसं घेतलं नाही? १८६३ सालचा मार्ग, ३७ फुटांत एक फूट चढ. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलात तर घाट अंधारात निघून जातो, म्हणून परतीला दिवसाची साधी गाडी धरा. कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, तेवढ्यात वडापाव होतो. मग दारात गर्दी करू नका, खिडकी पकडा. एसी डब्याच्या पिवळट काचेतून धबधबे बघण्यात काही राम नाही.