मदत हवी आहे: हार्टच्या त्रासामुळे पाण्याची लिमिट असलेल्या मुलाला उन्हाळ्यात कसं सांभाळता?

भुसावळला राहतो, पारा ४४ च्या वर गेलाय. मुलगा ४ वर्षांचा, वजन १४ किलो, हार्ट नीट पंप करत नाही म्हणून लॅसिक्स (शू वाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं औषध) चालू आहे आणि डॉक्टरांनी दिवसाला ८०० मिली सांगितलंय, दूध, वरणाचं पाणी, औषधासोबतचं पाणी सगळं धरून.

सकाळीच ८०० मिली बाटलीत भरतो, दुसरं काही प्यायला की तेवढं त्यातून काढून टाकतो. छोट्या वाटीतून देतो, बर्फाचा खडा चोखायला देतो (तोही मोजूनच, वितळला की पाणीच ना), पापड-लोणचं बंद. रोज सकाळी शू झाल्यावर वजन लिहितो, वाढलेलं नाही, सूजही नाही. पण दुपारी ४ पर्यंत ६०० संपतात आणि मग पोरगं पाणी पाणी करत रडतं, बघवत नाही हो.

डॉक्टरांना फोन केला, लिमिट तीच ठेवा म्हणाले, शू कमी झाली किंवा जुलाब लागले तर लगेच आणा. म्हणून लिमिट वाढवू का हे विचारत नाहीये. घरी कूलर आहे, एसी नाही.

ज्यांच्या मुलांना अशी लिमिट आहे त्यांनी सांगा, संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा काढता, आणि टरबूज, दही, पातळ खिचडी हे पाण्यात किती धरता, पूर्ण की अर्धं?