लोलाइट्स केलेत का कोणी? आपल्या केसांना शोभतात का, अनुभव सांगा

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. दोन वर्षांपूर्वी हायलाइट्स केलेले ते आता पार पिवळे पडलेत, पार्लरवाली ताई म्हणतेय लोलाइट्स कर, म्हणजे मध्येमध्ये गडद बटा घाल, छान दिसेल. कोणी केलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

वाशी: माझे केस काळेभोर, कधीच कलर नाही. मी विचारायला गेले तर पार्लरमधल्या मुलीनेच नको म्हटलं. केसांच्या शेडला 1 ते 10 नंबर असतात, 1 म्हणजे काळा, आणि आपण बहुतेकजणी 1 ते 3 मध्येच, मग त्यावर गडद बट दिसणार कुठे? माझे पैसे वाचवले तिने, अजून तिच्याकडेच जाते.

घोडबंदर रोड: ताई, अ‍ॅश शेड (राखाडी झाकेची) म्हणाले तर आधी थांब. माझ्या ब्लीच झालेल्या केसांवर थेट अ‍ॅश ब्राऊन लावला, पार्लरच्या लाइटमध्ये ठीक वाटलं पण बाहेर रिक्षात बसले आणि आरशात बघते तर कानाजवळची बट चक्क शेवाळासारखी हिरवट, रडूच आलं. नंतर दुसरीकडे कळलं की ब्लीचने केसातला तांबूसपणा जातो, तो आधी भरून घ्यायचा आणि मग ब्राऊन, नाहीतर पिवळ्यावर अशीच हिरवी झाक येते. तिथल्या पार्लरवालीने आधी कॉपर-गोल्ड लावून मग ब्राऊन केलं, तेव्हा कुठे केस माझे वाटले.

नेरुळ: मी 52 ची. दर तीन आठवड्यांनी काळा डाय लावायचे नि मुळाशी पांढरी रेघ यायचीच. आता पांढरे तसेच ठेवून मध्ये गडद ब्राऊन बटा घातल्यात. केस वाढले तरी रेघ उठून दिसत नाही. मला तर फार आवडलंय.

खारघर: मेंदी लावत असाल तर आधी सांगा गं, पाकिटातल्या काही मेंदीत धातूचे क्षार असतात, कलरशी जमत नाही. आणि 48 तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा कलर त्वचेवर लावून बघायचा. माझ्या बहिणीला काळ्या मेंदीने फोड आले होते, डॉक्टरांनी पीपीडीची (डायमधलं एक केमिकल) अ‍ॅलर्जी सांगितली, तेव्हापासून ती डायला हातच लावत नाही.

नौपाडा (धागाकर्ती): थँक्यू सगळ्यांना! सकाळी गॅलरीत उन्हात केसांचा फोटो काढून ताईला पाठवला, अ‍ॅश नको, दोनच शेड गडद असं सांगितलं. शनिवारी मानेजवळची एकच बट करून बघणार, ती दोनदा धुतल्यावर पुढचं.