सोसायटी ग्रुप: ॲपवरच्या जुन्या पोस्ट कोण बदलतंय?

बी-४०२ वहिनी: सेक्रेटरी साहेब एक विचारायचंय, सगळ्यांसमोरच विचारते. सोसायटीच्या ॲपवर आपली जुनी पोस्ट कधीही बदलता येते का? गळतीच्या विषयात वरच्या मजल्याने गेल्या वर्षी स्वच्छ लिहिलं होतं "गळती आमच्याच बाथरूममधून आहे, वॉटरप्रूफिंग करून देतो". आज बघते तर तिथे "पाहणी करायला आमची हरकत नाही". आणि खाली माझं "थँक्यू दादा, किती समजूतदारपणे घेतलंत" तसंच. म्हणजे नुसत्या पाहणीला हो म्हणाले म्हणून मी गहिवरले असं दिसतंय

बी-५०२: वहिनी एक फोन केला असता तर बरं झालं असतं. फक्त भाषा नीट केली, तेव्हा घाईत लिहिलं होतं

बी-४०२ वहिनी: फोन उचलला असतात तर ग्रुपवर आलेच नसते

माई: 🌹 सुप्रभात 🌹 आजचा दिवस सर्वांना आनंदाचा जावो

ए-२०३: ए विंगची लिफ्ट परत बंद आहे. कुणाचं लक्ष आहे का

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत 🙏 पोस्ट एडिट करायची सोय ॲपमध्ये आहे, ती सर्वांसाठीच आहे

नाना ए-१०१: जुनं लिहिलेलं जसंच्या तसं राहू द्या. बदल असेल तर खाली नवीन लिहा, तारीख टाका.

बी-३०४: नुसतं "सोय आहे" नाही साहेब, मुदत काय ते महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून एडिट आलंय पण मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटंच, आणि शेजारी "एडिटेड" लिहून येतं. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ४८ तास. सिग्नलला २४ तास, आणि तिथे तर आधी काय लिहिलं होतं तेपण उघडून बघता येतं. आपल्या ॲपला मुदत नाही, खूणही नाही, खरी बोंब ती आहे

डी-१०५: अरे पण सगळंच बंद केलं तर माझी पंचाईत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पेस्ट कंट्रोलचे नंबर असलेली पोस्ट मी सांभाळतो. नंबर बदलला की वरच बदलावा लागतो, खाली लिहिलं तर कोण वाचतंय. लोक वरचा जुना नंबर फिरवतात आणि मलाच शिव्या घालतात

नाना ए-१०१: खाली नवीन लिहा, तारीख टाका.

डी-१०५: नाना तेच सांगतोय की खालचं कुणी वाचत नाही

नाना ए-१०१: मी वाचतो.

ए-३०१ ताई: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी मागे कधीतरी त्या ॲपवर लिहिलंय की आम्ही घराला कुलूप लावून गावाला जातोय, आणि कामाच्या मावशींचा मोबाईल नंबर पण टाकलाय. सोडून गेलेल्या भाडेकरूंना अजून ते दिसतंय. मावशींना नको त्या लोकांचे फोन येतात. नाना, हे पण इतिहास म्हणून जपायचं का?

बी-३०४: ताई बरोबर आहे. विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा पूर्ण इतिहास असतो, कुणी कधी काय बदललं सगळं उघडं. पण तिथेसुद्धा कुणाचा फोन नंबर वगैरे आला तर जुन्या आवृत्तीतूनही तो झाकून टाकतात. म्हणजे सोय करता येते, करायची इच्छा पाहिजे

बी-५०२: बघा, म्हणजे एडिट पाहिजेच. मी तेच म्हणतोय

बी-४०२ वहिनी: दादा, फोन नंबर झाकणं वेगळं आणि शब्द फिरवणं वेगळं

बी-५०२: "फिरवणं" हा शब्द मागे घ्या. वॉटरप्रूफिंगवाल्यालाच खात्री नव्हती की गळती आमचीच आहे

बी-४०२ वहिनी: मग त्याच दिवशी तसं लिहायचं होतं ना. मी ते वाक्य धरून वर्षभर गप्प बसले, हॉलच्या सीलिंगचे पोपडे सोफ्यावर पडतायत

माई: वहिनी आमच्याकडे पण ओल आली होती, खूप त्रास होतो हो

नाना ए-१०१: मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढलं. खतावणीत चुकीची रक्कम पडली तर कुणी खोडरबर घेत नाही, उलट नोंद टाकतात. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. सभेच्या इतिवृत्ताचं तेच, पुढच्या सभेत वाचून कायम होतं आणि दुरुस्ती त्या पुढच्या सभेच्या नोंदीत येते. मागचं पान फाडत नाहीत. तेव्हा खाली नवीन लिहा, तारीख टाका.

बी-३०४: नाना अगदी बरोबर बोलतायत. पटलं असेल त्यांनी अंगठा द्या

(👍 ७)

ए-२०३: लिफ्ट???

(बी-३०४ चा वरचा अंगठ्याचा मेसेज आता असा दिसतो, ७ अंगठे तसेच: "मेंटेनन्स पुढच्या महिन्यापासून दुप्पट करावा. पटलं असेल त्यांनी अंगठा द्या" (एडिटेड))

डी-१०५: 😂😂 नानांचा पण अंगठा आहे त्यावर

नाना ए-१०१: हा काय पोरखेळ आहे. मी असल्या गोष्टीला अंगठा दिलेला नाही.

बी-३०४: रागावू नका नाना, तुमचाच मुद्दा दाखवत होतो. निदान इथे "एडिटेड" तरी दिसतंय, ॲपवर तेवढंही दिसलं नसतं आणि तुम्ही कायमचे दुप्पटवाले झाला असता

ए-३०१ ताई: एक शंका. पोस्ट फक्त लिहिणाऱ्यालाच बदलता येते का कमिटीला पण?

सेक्रेटरी: ॲडमिनला तांत्रिक कारणासाठी अधिकार असतो. आजवर वापरलेला नाही

बी-३०४: हे मात्र आधी बंद करा साहेब. २०१६ मध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटच्या खुद्द सीईओने, त्याला शिव्या देणाऱ्यांच्या कमेंट गुपचूप बदलून स्वतःचं नाव काढून दुसऱ्यांची नावं घातली होती. नंतर कबूल करावं लागलं, माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या ठिकाणी मोह होतो तर

सेक्रेटरी: हा अप्रत्यक्ष आरोप समजू का? कमिटी विनामोबदला काम करते, हे काही सभासद विसरतात 🙏

बी-३०४: तुमच्यावर नाही हो साहेब, खुर्चीवर

सेक्रेटरी: ॲपवाल्याशी आत्ता बोललो. मुदत आणि "एडिटेड" खूण या दोन्ही सेटिंग आहेत पण आपल्याकडे ऑफ आहेत. ते मागच्या कमिटीने ठरवलेलं

नाना ए-१०१: मागच्या कमिटीत मी होतो. असं काही ठरलेलं नाही. ठराव दाखवा.

सेक्रेटरी: ठराव ॲपवर आहे नाना

डी-१०५: ॲपवरचा म्हणजे ओरिजिनल का सुधारित 😁

(😂 ११)

सेक्रेटरी: पुढच्या मीटिंगपर्यंत असं करतोय. पोस्ट टाकल्यावर १ तास एडिट, नंतर बंद. खूण चालू. नंबरांची यादी वगैरे मोजक्या पोस्टना मुदत नाही, पण तिथे आधीची आवृत्ती सर्वांना दिसेल. फोन नंबर, पत्ता काढायचा असेल तर मला लिहा, काढून तिथे "माहिती काढली" असं येईल. ॲडमिनचा बदलाचा अधिकार मीटिंगमध्ये ठरवू

नाना ए-१०१: आणि आजवर जे बदललं गेलं त्याचं काय?

सेक्रेटरी: ॲपवाल्याकडे जुन्या नोंदी असतील तर मागवतो

बी-५०२: एवढं रामायण करायची गरज नाही. रविवारी प्लंबर घेऊन येतो, बाथरूम उघडून दाखवतो. निघाली आमची गळती तर काम करून देईन

माई: 🙏🙏 छान झालं

ए-२०३: लिफ्टमन आलाय, म्हणतो वरून फोन आल्याशिवाय हात लावणार नाही. वरून म्हणजे कोण??

बी-४०२ वहिनी: दादा रविवारी किती वाजता? आणि तुमच्या मेसेजची १५ मिनिटं संपायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, राग मानू नका