जडावकामातला काळा: लाकूड आरपार रंगवावं की मुळातच काळं घ्यावं?

घोडबंदरकर:
सागाच्या चौरंगाला काठाने काळी पट्टी जडवायला गेलो आणि स्वतःचंच तोंड काळं करून घेतलं. स्टीम बीचच्या (वाफवलेलं फिकं विलायती लाकूड) ३ मिमी जाड पट्ट्या कापल्या, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या रंगात रात्रभर बुडवल्या, वाळवल्या, खाचेत फेविकॉल घालून बसवल्या. पातळी जुळवायला रंधा एकदाच फिरवला, तर खालून बीचचं गोरं अंग बाहेर! रंग अर्धा मिलिमीटरसुद्धा आत गेला नव्हता. टोकांना मात्र चांगला बोटभर मुरलेला. लाकूड पाणी पितं ते आतल्या बारीक, उभ्या नळ्यांच्या उघड्या तोंडांनी, अंगाने फार कमी.

दुसऱ्या खेपेला फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून व्हॅक्युम पंप आणला. जुन्या कुकरमध्ये रंग, त्यात पट्ट्या, वर वजन. पंप चालू केला की लाकडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की पंप बंद करून हवा आत सोडायची. खरं काम तेव्हा होतं, बाहेरच्या हवेचा दाब रंगाला रिकाम्या नळ्यांत ढकलतो. नंतर दोन दिवस तसंच बुडवून ठेवलं. मधोमध कापून पाहिलं तर आरपार काळं, फक्त एका पट्टीत राखाडी रेघ राहिली.

तर माझं मत असं, की जडावाला वरवरचा काळा कामाचा नाही. रंग आरपार हवा, नाहीतर त्या फंदात पडू नये. कोणाला पटत नसेल तर बोला.

शिसवी:
नाही पटत. ज्या लाकडाला देवाने गोरं केलं त्याला कुकरमध्ये घालून काळं कशाला करायचं? टेंभुर्णीचा गाभा आपल्याच जंगलात काळा होतो. ज्या झाडाची पानं विडीला जातात तेच हे झाड, एबनीच्याच कुळातलं. नाहीतर शिसव घ्या. ठाण्याच्या नौपाड्यात जुनी घरं पाडतात तेव्हा मोडके पलंग, कपाटाच्या चौकटी कवडीमोलाने निघतात. एका पलंगाच्या पायात तुमच्या दहा चौरंगांच्या पट्ट्या निघतील. म्हैसूरच्या जडावकामात शिसवाची जमीन, म्हणजे ज्यात तुकडे जडवतात ते लाकूड, असते ती उगीच नाही.

घोडबंदरकर:
म्हैसूरला शिसव जमीन आहे आणि त्यात फिकी लाकडं बसतात. माझं बरोबर उलटं आहे. शिवाय शिसव काळा नसतो हो, जांभळट तपकिरी असतो. उजेडात राहिला की आणखी फिका पडतो. ताजा कापलेला साग इकडे पिवळट, हिरवट असतो आणि उजेडाने सोनेरी तपकिरी होत जातो. म्हणजे पट्टी उजळणार, जमीन गडद होणार आणि पाच-सात वर्षांत दोघं एकमेकांच्या जवळ येणार. टेंभुर्णीचं म्हणाल तर गाभा काळा होतो तो जुन्या झाडाचा, तोही मधलाच. सरळ, न चिरलेला हातभर तुकडा मिळाला तर कळवा, मी घ्यायला येतो.

जांभळीनाका:
तुम्ही दोघं बाजारातला रंग आणि जंगलातलं झाड यातच अडकलात. काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो आणि हिराकसही मिळते. आपल्याकडे काळा करायची जुनी रीत हीच. हिरड्याच्या काढ्यात लाकूड मुरवा, वाळवा, मग हिराकशीच्या पाण्यात घाला. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून काळं होतं. बाभळीच्या लाकडात खिळा ठोकून पावसात ठेवा, भोवती काळं वर्तुळ उमटतं, तीच ही क्रिया. हा काळा लाकडातच तयार होतो, बाहेरून आणून भरलेला नसतो. बाजारातले स्वस्त रंग उन्हात विटतात.

एक ताकीद, काढा लोखंडी कढईत उकळू नका, भांड्यातच शाई होईल. (माझी झाली आहे. कढई आणि बोलणी दोन्ही खाल्ली.)

घोडबंदरकर:
तीच तर अडचण. लोह आणि टॅनिन भेटले की काळा साका होतो, तो पाण्यात विरघळत नाही. मग बाहेरच्या थरातच नळ्या बुजतात आणि मागचं पाणी आत शिरत नाही. वरून कोळसा, आतून खोबरं.

जांभळीनाका:
हिराकस जुनी, पिवळट पडलेली असेल तर असंच होतं. ताजी, हिरवट असेल तर लोह आधी टॅनिनशी जुळतं ते फिकंच असतं आणि विरघळलेलं राहतं. हवा लागली की काळं पडतं. पाश्चात्त्य लोहशाई कागदावर फिकी उतरायची आणि नंतर काळी व्हायची, ती याच गुणामुळे. म्हणजे हेच तुमच्या पंपाने आत ओढा आणि मग दोन दिवस हवेवर सोडा. पंपाला माझा विरोध नाही, त्या बाटलीतल्या रंगाला आहे.

शिसवी:
त्याच लोहशाईने कागद खाल्ले, हेही सांगा की! आपल्या मोडी दफ्तरांतली काजळीची शाई अजून काळी आहे. हिराकस आम्लधर्मी, पट्टी ठिसूळ झाली तर?

जांभळीनाका:
काजळी लाकडात शिरत नाही, वर बसते. पण ठिसूळपणाचा मुद्दा मान्य. हिराकस पातळ ठेवावी आणि नंतर पट्टी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी.

नेरूळकरीण:
मी विनियरचं, म्हणजे लाकडाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याचं काम करते, म्हणून जरा वेगळं बोलते. तुम्ही सगळे खोलीच्या मागे लागलात, चूक क्रमात आहे. ०.६ मिमीचं विनियर गरम रंगात टाकलं की पंपाशिवाय आरपार रंगतं, कारण रंगाला जायचंच किती? मुळात जडवलेल्या पट्टीवर रंधा कशाला? खाच अशी कोरा की पट्टी केसभरच वर राहील, मग स्क्रॅपरने दोन हात. रंधा मारायची वेळ आली म्हणजे खाच चुकली.

शिवाय तुमची खरी फजिती अजून व्हायची आहे. काळी पट्टी घासलीत की काळी भुकटी शेजारच्या सागाच्या छिद्रांत बसते आणि निघत नाही. म्हणून घासण्याआधी सागावर पातळ चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) एक हात. रंग पाण्यातला घेतलात ते नशीब. स्पिरिटमधला असता तर चपड्याच्या पॉलिशबरोबर उठून सगळ्या चौरंगावर पसरला असता.

घोडबंदरकर:
ताई, भुकटीचं ऐकतो, चपडा आणून ठेवला. खाच चुकली तेही खरं, माझी पटाशी अजून शिकाऊ आहे. पण चौरंग म्हणजे भिंतीवरची तसबीर नव्हे. गणपतीला निघतो, पाण्याने पुसला जातो, हळदी-कुंकवाचे डाग पडतात. दहा वर्षांनी कोणीतरी पॉलिशवाला त्यावर मशीन फिरवणारच. ०.६ मिमी तेव्हा कुठे राहील? मला ३ मिमी हवं ते माझ्यासाठी नाही, त्या पॉलिशवाल्यासाठी.

नेरूळकरीण:
हे मात्र बरोबर, त्या जमातीवर माझाही विश्वास नाही. तरीही खाच दुरुस्त करा. आणि आत्ता भर श्रावणात पट्ट्या बुडवायला काढू नका. आपल्याकडे या दिवसांत लाकूड आधीच ओल धरून बसलेलं असतं, बुडवल्यावर नीट वाळत नाही. राहिली ती राखाडी रेघ. ती गाभ्याकडची पट्टी असेल, गाभा सहज रंग घेत नाही. दिवाळीनंतर करा.

घोडबंदरकर:
ठरलं. दिवाळीनंतर एकाच फळीच्या दोन पट्ट्या, एक बाटलीतल्या रंगात, एक हिरडा-हिराकशीत, सोबत शिसवींच्या पलंगाचा तुकडा. तिन्ही अर्ध्या झाकून दक्षिणेच्या खिडकीत ठेवतो. शिसवी, तुकडा देणार ना?

शिसवी:
देतो. पण तो कुकर आता परत भाताला लावू नका.