देशोदेशीची लोकप्रिय गाणी चित्रात कशी दाखवावीत?

पाटीपेन्सिल
स्पॉटिफायच्या देशवार टॉप २०० याद्या उतरवून घेतल्यात. कोणत्या देशाची आवड कोणाशी जुळते ते एका चित्रात दाखवायचंय. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यानुसार जगाचा नकाशा रंगवून पाहिला. कॅनडा-ऑस्ट्रेलियानेच पान खाल्लं, सिंगापूर भिंग घेऊन शोधा! दुसरं काही सुचतंय का?

तबकडी
नकाशा आधी बाजूला ठेवा. पहिलं गाणं घेऊन उरलेली १९९ तुम्ही फेकून देताय.

दोन-दोन देशांच्या याद्या घ्या. सामाईक गाणी भागिले दोन्ही याद्यांतली एकूण वेगवेगळी गाणी, हा जॅकार्ड निर्देशांक. निम्मी गाणी जुळली तरी १०० भागिले ३००, म्हणजे ०.३३ च येतो, तेव्हा दचकू नका. मग देश आडवे-उभे मांडून चौकटी रंगवा: जास्त जुळतं तिथे गडद, कमी तिथे फिकट.

खरी गंमत क्रमात आहे. वर्णानुक्रमे लावलंत तर नुसते शिंतोडे दिसतील. क्लस्टरिंग करून, म्हणजे आवड जुळणाऱ्या देशांचे गट पाडून, ओळी फिरवल्या की मेक्सिको, कोलंबिया, चिली, पेरू यांचा एक गडद चौकोन उठून येतो, जर्मनी-ऑस्ट्रियाचाही. आणि ब्राझील? बहुतेक शेजारी स्पॅनिश बोलणारे, पण हा गडी पोर्तुगीज गाण्यांत रमलेला. नकाशावर तो शेजाऱ्यांना खेटून बसतो, इथे एकटा पडतो. मला तर याच एका ओळीसाठी हे चित्र आवडतं.

फक्त एक लक्षात घ्या: जॅकार्डला पहिलं गाणं आणि दोनशेवं सारखंच. क्रमाला वजन द्यायचं तर आरबीओ, म्हणजे रँक-बायस्ड ओव्हरलॅप वापरा.

उलटतपासणी
चित्राला 'देशाची आवड' असं नाव मात्र देऊ नका. स्पॉटिफाय जपानमध्ये २०१६ साली आलं, भारतात २०१९ साली. जपानमध्ये सीडी अजून जोरात खपतात, भारतात कितीतरी लोक यूट्यूबवरच ऐकतात. चीनमध्ये ही सेवा नाही, रशियातून २०२२ मध्ये गेली. जिथली यादीच नाही अशा देशांना फिकट रंग देऊ नका, फिकट म्हणजे 'जुळत नाही' असा अर्थ होईल.

पाटीपेन्सिल
पटलं. वर्षभराच्या याद्या एकत्र केल्या तर?

तबकडी
नको! डिसेंबरात मराया कॅरीचं १९९४ चं ख्रिसमसचं गाणं आणि त्याची भावंडं युरोप-अमेरिकेच्या याद्यांत घुसतात, सगळे एकमेकांसारखे दिसू लागतात. फिलिपिन्समध्ये तर ख्रिसमसचे वेध सप्टेंबरपासूनच. महिन्यागणिक वेगळं चित्र काढा आणि बारा चित्रं शेजारी-शेजारी मांडा. रंगांची पट्टी मात्र बाराही चित्रांना एकच ठेवा.

पाटीपेन्सिल
जूनचं काढलं. ब्राझील खरंच एकटा! पण बेल्जियम कुठे बसवू? नेदरलँड्सशीही जुळतो, फ्रान्सशीही.

तबकडी
एका रांगेत बसवायचं म्हटलं की कुणीतरी गैरसोयीच्या जागी जाणारच. त्याच आकड्यांवरून एमडीएसने (मल्टिडायमेन्शनल स्केलिंग: जितकं जास्त जुळतं तितके ठिपके जवळ) ठिपक्यांचं चित्र काढून सोबत जोडा. तिथे त्याला दोघांच्या मधे उभं राहता येईल.