मदत हवी आहे: सिटिझन पोलीस अकॅडमीचा फॉर्म आणि नॅशनल नाइट आउट (घाई आहे)

घाईतला_गणपत
सिटिझन पोलीस अकॅडमीचा (पोलीस कसं काम करतात ते रहिवाशांना दाखवणारा वर्ग) फॉर्म भरायचाय, शुक्रवारी मुदत संपते. नागरिकत्व नाही, तरी घेतात का? पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, लायसन्सवर नाही. फॉर्मवर कुठलं लिहू? शेवटच्या पानाला नोटरी कशासाठी? शिवाय एचओएने (घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी) नॅशनल नाइट आउटचं (शेजारी आणि पोलीस गल्लीत एकत्र जमतात ती संध्याकाळ) आमच्या गल्लीचं काम माझ्या गळ्यात मारलंय. रस्ता बंद करायला काय लागतं? गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

आडवाट
कुठलं राज्य? शहराचे पोलीस की काउंटीचा शेरीफ? व्हिसा कुठला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

बे_एरिया_बंड्या
शहराची कशाला करता? एफबीआयची सिटिझन्स अकॅडमी करा. दर्जाच वेगळा.

आडवाट
@बंड्या, तिथे नुसता फॉर्म भरून चालत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं आणि निवड त्यांच्या हातात. यांना शुक्रवारच्या आत काय करायचं ते सांगा.

घाईतला_गणपत
टेक्सास. शहराचे पोलीस. मी एच-१बी (नोकरीचा व्हिसा), बायको एच-४ (माझी जोडीदार म्हणून). दोघांनाही करायचीय. पुढे?

डॅलसची_मावशी
आधी पत्ता तपासा. टेक्सासमध्ये टपालाच्या पत्त्यावर शहराचं नाव असतं, पण घर कधीकधी हद्दीबाहेर एमयूडीमध्ये (पाणी-सांडपाण्याची सोय करणारा वेगळा स्थानिक विभाग) असतं. शहराचे पोलीस साधारणपणे हद्दीत राहणाऱ्या किंवा तिथे नोकरी करणाऱ्यांनाच घेतात. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शहराचा कर लागलेला दिसला तर तुम्ही आत. भाड्याने राहत असाल तर अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणारं कार्यालय) साइटवर घराचा पत्ता टाकून बघा. हद्दीबाहेर निघालात तर शेरीफ ऑफिसची अकॅडमी आहे का ते विचारा.

नागरिकत्वाची अट सगळीकडे नसते. वय (कुठे १८, कुठे २१), पत्ता आणि गुन्ह्यांची तपासणी, यावरच बहुतेक अडतं. नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा, कारण तपासणी त्यावरून होते. पासपोर्टवरचं पूर्ण नाव 'इतर नावं' या रकान्यात. तो रकाना रिकामा सोडला तर फॉर्म परत येऊ शकतो. नोटरीचं पान बहुधा तपासणीची परवानगी आणि राइड-अलाँगची (पोलिसांच्या गाडीतून त्यांच्यासोबत फिरणं) जबाबदारी यांचं असतं. घरून सही करून नेऊ नका, नोटरीसमोरच करायची. खातं असलेल्या बँकेत हे बहुधा फुकट होतं.

आडवाट
एच-१बी म्हणालात ते बरं झालं. वर्ग साधारण ८ ते १२ आठवड्यांचा, आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन-तीन तास. ९११चं कंट्रोल रूम, श्वानपथक, ट्रॅफिक स्टॉप, ठसे घेणं यात काही अडचण नाही. पण बऱ्याच अकॅडम्यांत एक दिवस शूटिंग रेंजचा असतो. त्या दिवशी बंदूक हातात घेऊ नका. फेडरल कायदा, १८ यूएससी ९२२(जी)(५)(बी): नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणं गुन्हा आहे. एच-४लाही तेच लागू. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागत नाही.

बे_एरिया_बंड्या
काहीतरीच. रेंजवर भाड्याची बंदूक सगळे चालवतात, कोणी विचारतसुद्धा नाही.

आडवाट
कोणी विचारत नाही म्हणजे कायद्यात बसतं असं नाही. फॉर्म ४४७३ (ज्यात व्हिसाबद्दल विचारतात तो फेडरल फॉर्म) दुकानातून बंदूक विकत घेताना भरतात, भाड्याने घेऊन तिथेच चालवताना नाही, म्हणून विचारणा होत नाही. अपवाद आहे: राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. पण तो तुम्हाला कसा लागू होतो हे इमिग्रेशन वकिलालाच विचारा, रेंजवरच्या माणसाला नको. रेंजला जाऊन नुसतं बघता येतं. समन्वयकाला आधी ईमेल टाका: 'मी निरीक्षक म्हणून येईन.' कारण विचारलं तर सरळ सांगा. वर्गात सिम्युलेटर (पडद्यावरचा गोळीबाराचा सराव) असेल तर त्याची बंदूक लेसरची आहे की खऱ्या बंदुकीत बदल करून बनवलेली, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

पुणेकर_पेन्शनर
हे अमेरिकेचं कौतुक पुरे. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९८४च्या दंगलीने पोळलेलं ते गाव १९९२-९३ साली मुंबई पेटली तेव्हा शांत राहिलं. बारा आठवड्यांच्या वर्गाने असं काही होतं का?

डॅलसची_मावशी
काका, मुद्दा चांगला आहे, वेगळा धागा काढा. इथे रस्ता बंद करायचाय.

टेक्सासमध्ये नॅशनल नाइट आउट ऑगस्टमध्ये नसतो, उन्हामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी असतो. २०२६ मध्ये ६ ऑक्टोबर. दोन कामं वेगळी आहेत: पोलिसांकडे नोंदणी (त्याशिवाय गाडी येत नाही) आणि रस्ता बंद करण्याचा परवाना. शेजाऱ्यांच्या सह्या बऱ्याच शहरांत लागतात, त्यालाच वेळ जातो. कल-द-सॅक (पुढे बंद असलेली गल्ली) असेल तर लवकर मिळतो, मोठा रस्ता विसरा. टेबलं आणि तंबू कडेला. अग्निशमनच्या बंबाला २० फूट वाट मोकळी हवी. तंबूच्या चारही पायांना वजन बांधा. पोलीस थोडा वेळ थांबतात आणि कॉल आला की जेवण सोडून निघतात, म्हणून त्यांची वेळ धरून कार्यक्रम आखू नका.

पुणेकर_पेन्शनर
६ ऑक्टोबर? पितृपक्ष आहे. त्यात जेवणावळी?

बे_एरिया_बंड्या
हॉटडॉगला पितृपक्ष लागत नाही. ढोल-ताशा आणा, अमेरिकन लोकांना आवडतो.

डॅलसची_मावशी
ढोल आणणार असाल तर परवान्याच्या अर्जात ध्वनीचा रकाना भरा आणि वेळ लिहा. नाहीतर तक्रार झाल्यावर दार ठोठवायला तेच पोलीस येतील, ज्यांना तुम्ही बोलावलंय.

घाईतला_गणपत
घर हद्दीत आहे, टॅक्स बिलात शहराचा कर दिसला. बायकोच्या लायसन्सवर माहेरचं आडनाव आहे. दोघांचा एकच फॉर्म चालेल?

आडवाट
नाही. तपासणी माणशी होते. तिचा वेगळा, माहेरच्या आडनावाने. पासपोर्टवर सासरचं असेल तर 'इतर नावं'मध्ये. नोटरीकडे दोघांनी जायचं, तिची सही तुम्ही करून चालणार नाही.